आठवी कमान

उत्तरेच्या व्हरांड्यात सात कमानी गोल आहेत,
आठवी नाही.
टेप लावून दोनदा मोजलं, मग ओळंबा सोडला,
मग शिडी मागवली.
माथ्याशी चार बोटं टोक निघतं,
जणू कुणी बोलता बोलता
शेवटचा शब्द वर उचलावा.

माझ्या कागदावर एकच ओळ आहे :
कमान, अर्धवर्तुळाकार, नग आठ.

जालन्याचा मे. कुंडलिकेत पाणी नाही.
काळा दगड दुपारी हात लावू देत नाही,
पण आत, सागाच्या कैच्यांखाली,
बाकांवर अजून सकाळच आहे.
करुणाबाई साळवे वेदीवरचं कापड बदलताहेत.
"काहून इतकं निरखून बघू राहिले, साहेब?
ती दस्तगीर मिस्तरीची हाय."

अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर.
गोळा कुणाचा, ते कुणीच नक्की सांगत नाही.
घंटेचा मनोरा कोसळला तो व्हरांड्याच्या कोपऱ्यावर,
आठवी कमान त्याच्याखाली गेली.
घंटा फुटली नाही.
चिखलात उताणी पडली,
तिच्यात पाणी साचलं,
डास झाले.

त्याच आठवड्यात कादराबादेत
दस्तगीरच्या घरावर छप्पर उरलं नाही.
हे करुणाबाई हळू सांगतात, कापडाची घडी घालत.
दोन वर्षं तो परभणीला, मेहुण्याकडे.
परत आला तेव्हा पंचांनी बोलावलं,
कारण चुन्याची घाणी लावणारा
दुसरा कुणी उरलाच नव्हता.

गूळ, बेलफळ, हिरडा, ताग.
बैल सोळा दिवस गोल फिरला.
पडलेले दगड त्याने एकेक ओळखून उभे केले,
शाळेत लेकरं करावीत तसे, उंचीवार.
चारांचा भुगा झाला होता. ते खाणीतून आणले.
साचाही त्यानेच ठोकला,
आणि साच्यावर शेवटचा दगड बसला तेव्हा
पाळक देवदान रणपिसे खाली उभे होते.
"मिस्तरी, ही गोल नाही."
"हाताला हीच येते, पादरीसाब.
पाडायची तर आज पाडा,
उद्या चुना धरतो."

रणपिसे रात्रभर जागे होते म्हणे.
की गाढ झोपले होते,
करुणाबाईंना ठाऊक नाही,
त्या तेव्हा आईच्या पोटात होत्या.
सकाळी पाडायला कुणी आलं नाही,
एवढंच नक्की.

चुना अजून दोन रंगांचा दिसतो.
जुना हाडासारखा, नवा किंचित तांबूस.
नवा म्हणजे पाऊणशे वर्षांचा.
टोकाच्या दगडावर छिन्नीचे टाके
उजवीकडून डावीकडे उतरतात.
डावखुरा असणार.
की दगडच तसा उलटा बसवलेला.

शिडीवर बसूनच मी ओळ खोडतो.
नग सात.
खाली नवी ओळ : नग एक.
वर्णनाच्या रकान्यात काय लिहावं
ते सुचत नाही,
पेन्सिल दातांत,
आणि खालून शिडी धरून करुणाबाई म्हणतात,
"उतरा आता.
घंटा वाजवायची हाय."