थोडं थोडं

देवबागच्या वाळूवर माझं टेबल असतं,
एक पाय रुतलेलं, कागद उडू नये म्हणून वर शिंपला.
सकाळी आठपासून मी एकच प्रश्न विचारतो:
पोहता येतं?
आणि सगळा महाराष्ट्र मला सांगतो,
थोडं थोडं.

मी उत्तर ऐकत नाही. हात बघतो.
होडी हलली की कुणाचे हात फळीला चिकटतात,
कुणाचे मांडीवरच राहतात.
त्यावरून ठरतं कुणाला खडकाकडे न्यायचं
आणि कुणाला कमरेएवढ्या पाण्यात मासे दाखवून
खूश करून परत आणायचं.

गेल्या डिसेंबरात एकानं ‘उत्तम’वर खूण केली होती.
चार मीटरवर त्यानं तोंडातली नळी ओढून काढली.
वर आणला, तर म्हणाला, मास्क गळत होता.
म्हटलं, हो, गळत होता.
नंतर एकट्यानं मास्क धुऊन तपासला.
टिपूसभर पाणी येत नव्हतं.

आता रात्रीचे दहा, कर्लीच्या मुखाशी ओहोटी लागलीय,
आणि माझ्यापुढे दुसऱ्याचा फॉर्म आहे.
लाहौल. मार्च. ऐन सीझनचे दहा दिवस बुडणार.
स्कीवरून डोंगर चढायचा, मग उतरायचा.
लिफ्ट नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची,
ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही.
(असली पट्टी आमच्या धंद्याला हवी होती.)

तीन सहली. पहिली: रोज चारशे मीटर चढ, मुक्काम एकाच गावात.
दुसरी: आठशे.
तिसरीत एक धार आहे,
फोटोत तिच्यावर एकच माणूस, लाल जॅकेट,
आणि मी तीन रात्री त्या जॅकेटात झोपलोय.

खाली विचारलंय: आपली पातळी?
आमच्याकडे पातळी विहिरीची असते, भरतीची असते.
ती पाण्याला विचारत नाहीत,
दगडावर ओल कुठवर आहे ते बघतात.
माझी ओल मनालीतले सात दिवस,
त्यातले दोन बसून, एक गुडघा धरून.
मी दुसऱ्या सहलीवर खूण केली.

शुभदा मासे निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
‘चढूक कोणाकय येता. उतरूक येता काय तुका?’

दोन दिवसांनी भल्या सकाळी फोन आला. तंडूप, तिथला गाइड.
मागे कुकरची शिटी, एक कुत्रं.
किती दिवस स्की केलंस, ते त्यानं विचारलंच नाही.
विचारलं, पाच तास चढून पाय थरथरत असताना
वर कडक आणि खाली ओला बर्फ असेल,
तर मी सांगेन तिथे वळशील?

मी म्हटलं, थोडं थोडं.

पलीकडे शांतता.
ती माझ्या ओळखीची होती. माझीच होती ती.
दोन हजार किलोमीटरवरून तो माझे हात बघत होता
आणि माझे हात टेबलाच्या काठाला.

मग म्हणाला, मागे फिर म्हटलं तर फिरशील?
याला मात्र मी पटकन हो म्हणालो.
वारा पडला की जाळं अर्धं टाकून परत फिरणं
मी मिसरूड फुटायच्या आधी शिकलोय,
बापाशी भांडून, रडून, एकदा शेंडी तुटता तुटता.
तो हसला. तेवढं घेऊन ये, म्हणाला,
बाकीचं पहिल्या सहलीत बघू.

फॉर्म पुन्हा भरला. ‘इतर माहिती’त लिहिलं:
समुद्र येतो. बर्फ येत नाही.
लाल जॅकेटवाला फोटो अजून फोनमध्ये आहे.
पुसवत नाही.

आठ वाजता गडहिंग्लजचं एक कुटुंब आलं.
मुलगी चौदा-पंधराची.
पोहता येतं?
नाही, ती म्हणाली. सरळ, आईकडे न बघता.
मी तिला माझ्या शेजारची जागा दिली
आणि वडिलांकडे वळलो.