डावा बूट

येझदीची एक खोड आहे:
किक आणि गिअर एकाच दांड्यात,
आणि तो दांडा डावीकडे.
हे मी डॉक्टर मुणगेकरांना समजावत होतो
तेव्हा ते एक्स-रे उजेडाला धरून
माझ्या डाव्या नडगीतली सळई बघत होते.
"तेरा इंच," ते म्हणाले.
मी विचारलं, "गंजत नाही ना?"
शरयू हसली नाही.

सत्त्याऐंशी साली घेतली,
रबाळ्याच्या कंपनीतल्या पहिल्या बोनसात
उसनवारी मिसळून,
जसं पेट्रोलमध्ये ऑइल.
तेव्हापासून कळव्याच्या पुलावरून विटाव्याकडे वळताना
खाडीचा वारा शर्टात शिरतो,
चिखलाचा, खारफुटीचा, थोडा रसायनांचा,
आणि छाती उगाच दोन इंच फुगते.
का, ते विचारू नका.
मलाही अजून सापडलेलं नाही.

फणसळकर गायमुखच्या वळणावर गेला,
भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर,
हेल्मेट घालून.
त्याचा डबा मी घरी पोचवला.
भरली वांगी होती. झाकण घट्ट होतं.
सहा महिने बसने गेलो.
सातव्या महिन्यात हसुरामकडे
नुसती हवा भरायला म्हणून गेलो
आणि घरी आलो तो शिळफाट्याला वळसा घालून.

मग या मार्चमध्ये साकेतचा पूल,
सांध्यावरची उचकटलेली एक पट्टी.
मुलगा फोनवर म्हणाला, विका आता.
हसुराम म्हणाला, "गिराईक हाय,
पन मी काय आननार नाय."
शरयू काहीच म्हणाली नाही.
ती कधीच म्हणत नाही.
मी परतलो की खाली येते
आणि तव्यावर शिंपडावेत तसे
पाण्याचे चार थेंब सायलेन्सरवर टाकते.
चर्र होण्यावरून तिला कळतं
येऊर सांगून मी कुठवर गेलो होतो.

आज काठी सुटून एकविसावा दिवस.
पहाटे कव्हर काढून नुसता बसलो होतो.
डावा पाय दांड्यावर ठेवला.
उचलला. ठेवला.
लिफ्ट वाजली.
गाउनवर ओढणी, केस तसेच.
"उतरा," म्हणाली. "डावा बूट द्या."

कॉक उघडला. चोक ओढला.
कार्ब्युरेटरची टिकली दाबली, थेंब येईपर्यंत.
कुणी शिकवलं हिला?
पहिली किक: काही नाही.
दुसरीला दांडा उलटा आला,
आणि तिने एक शिवी हासडली
जी तिला येते हे मला माहीत नव्हतं.
तिसरीला पार्किंगभर निळा धूर,
वॉचमन खुर्चीतून उठून उभा.

बूट परत देत म्हणाली,
"पुलापर्यंतच. आणि चौथा टाकायचा नाही."
हेल्मेटचा पट्टा तिनेच ओढला,
जरा जास्तच.

पुलावर ओहोटी होती.
गुडघाभर चिखलात एक बाई वाकून काहीतरी वेचत होती,
तिने वर पाहिलंही नाही.
चौथा मी टाकला नाही.
सळईने टाकला.

परत आलो तर ती खालीच होती,
हातात तांब्या.