क्षेत्रकार्य : दिवस एकोणिसावा

मंगळवार-बुधवार मी त्या खिडकीमागे बसते
जिच्यावर 'विद्यार्थी विभाग' लिहिलंय
आणि त्यातलं 'र्थी' उन्हानं खाल्लंय.
एम.एस.डब्ल्यू. भाग दोन. निळी डायरी. गळ्यात ओळखपत्र.
वासेकर बाबूंनी पहिल्याच दिवशी विचारलं,
"तुमी नेमकं का करनार जी इथं?"
मी म्हणाले, विद्यार्थ्यांचं ऐकणार.
"ऐकाचा पगार भेटते का?" म्हणाले
आणि पंखा माझ्याकडे वळवून दिला.

पुस्तकात ऐकण्याच्या सहा पायऱ्या आहेत.
खिडकीला एकच, तीही तुटकी;
बुटकी पोरं तिच्यावर चढून बोनाफाईड मागतात.

दुर्पता कुमरे चढली नाही. उंच होती.
पारव्याहून येणाऱ्या एसटीची धूळ भुवयांवर,
हातात वहीचं फाडलेलं पान :
टी.सी. मिळणेबाबत. कारण, घरगुती.

'का' विचारू नये, असं शिकवलंय आम्हाला.
'का' म्हटलं की माणूस आरोपी होतो.
म्हणून विचारलं, डब्यात काय आणलंस?
"भाकर. अन् अंबाडीची भाजी."
मग बराच वेळ काही नाही.
समोर जिनिंगच्या आवारात कापसाची गाडी मागे घेत होते,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे
तेवढ्यात ती रडली असावी,
कारण गाडी थांबली तेव्हा तोंड पुसून झालं होतं.

"म्याडम, मी रोज येतो.
तरी गैरहजर हाय. एक्केचाळीस दिवस."

हजेरीपट उघडला. सत्तावीस नंबर.
वळणदार अक्षरात : द्रौपदी.

सर पुकारत राहिले, द्रौपदी, द्रौपदी,
आणि दुर्पता तिसऱ्या बाकावर बसून
त्या कधीच न येणाऱ्या पोरीसाठी
मनातल्या मनात हळहळत राहिली.
शिष्यवृत्तीही तिलाच शोधत गेली असेल.

बाबू म्हणाले, "दुर्पता म्हंजे द्रौपदीच न!
म्या शुद्ध करून लिवलं."
आवाजात माया होती. खरंच होती.
हे डायरीत कोणत्या रकान्यात लिहायचं?

बाकीचं लिहिलंय. प्रतिज्ञापत्र. तहसील.
स्टॅम्पवाला जेवायला गेलेला. पुन्हा तहसील.
पोर्टल बंद. प्राचार्य नागपूरला.
दोनदा चहा, एकदा तिच्या पैशानं,
मी नको म्हणाले नाही.
तिथे गाईड समासात लिहितील, 'मर्यादा?'

बाबा फोनवर विचारतात, नोकरी कोन्ती लागन यातून?
कॉलेजातली, मी सांगते. पोरांसाठी असतं एक पद.
इथे खुर्ची आहे. पद मंजूर नाही.
खुर्चीचा चौथा पाय म्हणजे वीट.

पंधरा दिवसांनी हजेरीला पांढरी शाई लागली.
मी वर्गाबाहेर उभी राहिले, उगाच.
सत्तावीस. दुर्पता कुमरे.
आतून काहीच आवाज नाही.
मग कुणीतरी कोपरानं ढोसलं असणार,
"अवं, तूच न!"
आणि अख्खा वर्ग हसला, तीही, बहुतेक.
मला दिसत नव्हतं.

टी.सी.चा अर्ज माझ्या डायरीतच आहे.
तिनं परत मागितलेला नाही, मीही फाडलेला नाही.

रात्री खोलीवर अहवाल लिहिला, सात पानं.
'क्लायंट' जिथे जिथे होतं तिथे खोडून दुर्पता केलं.
शुक्रवारी परत आला,
प्रत्येक पानावर लाल वर्तुळ :
गोपनीयता पाळा. नाव बदला.

बरोबरच आहे त्यांचं. पहिल्या सत्रातच होतं हे,
पाच मार्कांना.

लाईट गेलेली. मोबाईलच्या उजेडात
खूप नावं आठवून पाहिली,
कुठलंच तिच्या उंचीला पुरेना.
मग एकेका वर्तुळावर भरत गेले,
बाबूंसारखं वळण येईना तरी, जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात :

द्रौपदी.
द्रौपदी.