कामकरी, एक नग

इरय्या गड्डम ती घेऊन आले चुन्याच्या डबीतून.
"तीनदा धुतली डबी," म्हणाले, "पाय पोळू नयेत तिचे."
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
चादरीचे धागे मोजताना
भिंगाखालच्या इंचभर चौकोनातून ती चालत गेली
आणि मोजणी चुकली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी तिला मुंगी म्हणते, त्यांच्या घरात चीमा,
होटगीहून येणाऱ्या आमच्या शिपायाला ती इरुवे.
तीन भाषांत हाक मारली तरी
कॉलेजच्या कुठल्याच यादीत सापडेना.

पंखा बंद करावा लागतो, नाहीतर उडते.
मे महिना, बाहेर चव्वेचाळीस,
आणि आम्ही दोघं श्वास धरून
दोन मिलिमीटरवर वाकलेले.

ओळख पटवायच्या पुस्तकाला किल्ली म्हणतात.
कुलूप कुठंय ते कुणी सांगत नाही.
कंबरेला गाठ एक की दोन? दोन. पुढे जा.
पाठीच्या टोकाला काटे? आहेत, आखूड. पुढे जा.
मिशीचे मणी अकरा असतील तर चोविसावर,
बारा असतील तर सतरावर.
मी मोजले बारा.
सतरा, तिथून एकोणीस, तिथून थेट
एका आफ्रिकेतल्या मुंगीच्या दारात जाऊन उभी राहिले.
तिच्या अंगभर लव. हिची पाठ गुळगुळीत.

"सरका जरा."
चष्मा कपाळावर चढला. सुई त्यांनी अशी धरली
जशी तुटला ताणा सांधताना धरतात.
ओकटि, रेंडु, मूडु…
पदकोंडुवर थांबले.
"अकराच. बारावी सावली आहे, केसाची."

चोविसावर एकच नाव होतं, आणि त्याखाली
शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा साहेबाच्या दोन ओळी:
कामकरी, एक नग. रंग मातकट. ठिकाण: दख्खन.
राणी अज्ञात, नर अज्ञात.
"दख्खन म्हणजे कुठली पेठ?" इरय्यांनी विचारलं.
हसावं की नाही, कळेना. गिरणीच्या हजेरीपटावर
सात वर्षं हा माणूस नुसता 'बदली' होता.

तो नग एका थंड देशातल्या ड्रॉवरमध्ये आहे.
डोकं निखळलंय, तिथल्या बाईंनी कळवलं,
आणि तुमची तीच असेल, किंवा नसेल,
एकीवरून सांगू नये. अजून पाठवा.

मग रात्रपाळीत, पहाटे तीनला,
मागांच्या खडखडाटात आम्ही कोपऱ्यात साखर ठेवली.
शिवल्या नाहीत.
गूळ ठेवला, तर डोंगळे आले, रोजचेच.
शेवटी इरय्यांनी डबा उघडून
चिमूटभर शेंगाचटणी कापसाच्या धुळीवर टाकली
आणि बिमाखालून त्या निघाल्या,
मातकट, एकीमागून एक, तेलाच्या वासावर.
"सोलापूरच्याच आहेत," ते म्हणाले. "लिहून घ्या."

बावीस जणी कागदी त्रिकोणांवर चिकटवल्या.
डिंक संपला होता. त्यांनी घरून
चिंचोक्याची खळ आणली, वाटीतून, झाकून.
लेबल माझ्या अक्षरात:
सोलापूर. यंत्रमाग शेड, बिमाखाली. वेचणार: इ. गड्डम.
स्वतःचं नाव त्यांनी भिंगातून वाचलं, दोनदा.

"आता नाव ठेवणार का हिला?"
ठरलं तर, म्हटलं. नवी निघाली तर.
"आमच्या हिनं जन्मभर नावं ठेवली मला.
एकही टिकलं नाही."
नाव आणि नावं. मधलं ते टिंब
दुर्बिणीखाली ठेवलं असतं
तर त्यालाही कदाचित पाय निघाले असते.

तेविसावी जिवंत होती.
ती त्यांनी चुन्याच्या डबीतून परत नेली.

उत्तर अजून आलेलं नाही.
जातीच्या जागी मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
जवळची.