ढील

पेम्ब्रोक डॉकच्या गॅरेजात, हीटरच्या उबेला,
एम्लिन प्रॉसरने रणगाडा उताणा टाकलाय
कासवासारखा, जुन्या टॉवेलवर.
डावीकडे वळताना पट्टा उतरतो. दर वेळी.

बोटाने एकेक चाक हलवून बघतो:
पहिलं ठीक. दुसरं ठीक.
तिसरं डुगडुगतं, दुधाच्या दातासारखं.

चाळीस वर्षं बोटींच्या इंजिनखोलीत गेली,
तिथले नट त्याच्या मुठीएवढे.
हा स्क्रू चिमट्यातही सापडत नाही.
सर्क्लिप टण्णकन उडते,
कुठे गेली ते देवाला ठाऊक.
तो वेल्शमध्ये एक शब्द म्हणतो.
दारातला मॅडॉग, वय नऊ, रणगाड्याचा मालक,
तो शब्द मनात जपून ठेवतो.

बिअरच्या डब्याचा पत्रा कापून वॉशर.
बरणीतली दुसरी सर्क्लिप.
आट्यांना निळ्या गोंदाचा एक थेंब.
"दोन नको. पुढे कुणाला तरी
हे सोडवावंही लागेल."

पट्टा चढतो. मॅडॉग म्हणतो, अजून आवळा की.
एम्लिन करंगळीने पट्टा उचलतो, सोडतो.
"एवढी ढील हवीच.
फार ताणलं की आस वाकतो."

बोलता बोलता तो उठतो
आणि त्याचा खुबा, गेल्या फेब्रुवारीत बसवलेला,
कट् वाजतो.
दोघंही रिमोटकडे बघतात.

बाहेर ओल्या फरशीवर
रणगाडा डावीकडे वळतो.
पुन्हा डावीकडे. पुन्हा.
वाटेत गोगलगाय आली म्हणून थांबतो,
तिचं होईपर्यंत
मोटार नुसतीच गुणगुणत राहते.

पहिली सर्क्लिप रात्री सापडली,
चहाच्या मगात, तळाशी.