इशारा आधी

रात्री साडेआठला वर्ग सुरू होतो.
पुण्याहून शाल्मली मॅडम, आणि आम्ही सतरा चौकोन.
त्यातला एक लातूरचा,
मागं भिंतीवर मळणीयंत्राचं कॅलेंडर.

आठ वर्षं मी माहितीपुस्तिका लिहिते.
सोयाबीनला ही जाळी, हरभऱ्याला ती,
पुली घट्ट करा, ग्रीस भरा,
आणि शेवटी, धन्यवाद.
मॅडम म्हणाल्या, धन्यवादाला टॅग नाही.

एका विषयात एकच गोष्ट.
काय आहे ते वेगळं, कसं करायचं ते वेगळं,
आकडे तिसऱ्या खोलीत.
जो टॅग उघडला तो बंद करायचा.
वहीत लिहून घेतलं, आणि हसू आलं:
आमची आत्या रेणापूरच्या लग्नाची गोष्ट उघडते
आणि मुरूडच्या बैलबाजारात सोडून
चहा टाकायला उठते.

तिसऱ्या तासाला नळ आला.
नवव्या दिवशी, पाऊण तासासाठी.
माइक बंद, कॅमेरा बंद, मोटर चालू,
पिंप, घागरी, कुकरचं भांडंसुद्धा.
परतले तोवर पुनर्वापराचा धडा संपलेला:
एकदा लिहा, दहा ठिकाणी वापरा.
ओल्या बोटांनी टाइप केलं, ‘हो, समजलं.’
तांदळाचं पाणी भांड्यांना,
भांड्यांचं कढीपत्त्याला,
यात न समजण्यासारखं काय होतं.

पाचव्या तासाला पडद्यावर एकच ओळ:
इशारा पायरीच्या आधी. नंतर नाही.
कुणी प्रश्न विचारला नाही.
मॅडम पुढं गेल्या.
मी जुनी पुस्तिका काढली, माझीच.
पान तेरा, शेवटची ओळ, पायरी सात:
काड हॉपरमध्ये सरकवा.
पान उलटलं.
पान चौदा, वर, ठळक अक्षरात:
हात आत जाणार नाही याची काळजी घ्या.

मधे एका कागदाची जाडी.

सकाळी शॉपमध्ये गफूरभाईंकडं गेले.
वेल्डिंगचा चष्मा कपाळावर,
डावा हात नेहमीसारखा खिशात.
त्यांचं झालं ते मी लागायच्या आधी.
तरी मी जिन्यावर वर्षं मोजली होती.

‘किताब कोण वाचतंय ताई,’ म्हणाले,
‘ती जाती पोत्यात, गॅरंटी कार्डासंगं.
चित्र टाका मोठं. मशीनच्या तोंडावरच.’

चित्र होतंच माझ्याकडं:
लाल त्रिकोण, आत पंजा.
त्यांनी लांब धरून पाहिलं, मग जवळ.
‘हे तर पाच बोटं काढलीत.
पाच बोटांचं भ्या कुणाला वाटंल?’
मी काही बोलायच्या आत
खिशातला हात टेबलावर आला,
ग्रीसच्या डब्याशेजारी, पालथा.
‘घ्या. काढा फोटो.’

रात्री एकला फाइल तपासली. चुका शून्य.
चित्राला फक्त नाव द्यायचं राहिलं होतं.
नावात मोकळी जागा सोडायची नाही, असा नियम आहे.
मी लिहिलं:
गफूरभाईंचाडावाहात