पंखा बंद करून

सकाळी दहाला आम्ही पंखा बंद करतो.
राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
एप्रिलमध्येसुद्धा.
कारण भिंतीवर काम चिकटवलेलं असतं,
पिवळं, गुलाबी, थोडं पोपटी,
आणि वारं लागलं की आधी पोपटी पडतं.

पंधरा मिनिटं उभ्यानं बोलायचं:
काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय.
पहिल्या दोन्हींवर सगळे बोलतात.
तिसऱ्याला महावीर चौगुले घाम पुसतो,
म्हणतो, "काय नाही, चाललंय की."

सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं ते असं, घामापायी.
मालकांना पाठवलेल्या कागदावर मात्र मी लिहिलं:
पारदर्शकतेसाठी.

तीन मागवली. चौदा-चौदा दिवस फुकट.

पहिलं म्हणजे लग्नाची पंगत,
बसायच्या आत वाढपी चहूबाजूंनी:
आलेख घ्या, अहवाल घ्या,
आणखी एक तक्ता, नको कसं म्हणता!
एका कार्डाला अकरा रकाने.
तबस्सुमनं नवव्यात "माहीत नाही" लिहिलं.
ते लाल झालं आणि तेच परत विचारत राहिलं.

दुसरं देखणं. बोट लावलं की कार्ड
सायीवरून सरकावं तसं सरकायचं.
काम संपलं की पडद्यावर पताका उडायच्या.
सुयोगनं मग एका कामाची सात कामं केली.
दिवसभर पताका.

तिसरं गरीब.
करायचंय, चाललंय, झालं.
बास. रकाने वाढवता येतात,
नावं बदलता येतात, एवढाच गुण.

त्याच आठवड्यात उद्यमनगरला गेलो,
ज्या फौंड्रीच्या मालाचा हिशेब आमच्याकडं आहे तिथं.
भट्टीच्या अलीकडं एक फळा,
काळा म्हणायचा, खरं तर तेलकट.
साच्यांचे नंबर. समोर नावं:
आप्पासो, युनूस, थोरला दिनकर, धाकटा दिनकर.
आणि कडेला एक मोकळी उभी पट्टी.
"ही कशाला?"
थोरले दिनकर मेस्त्री म्हणाले,
"तटलं की तिथं रेघ मारायची.
कुणी मारली ते कोण इचारत न्हाई.
जो मोकळा असंल त्यो जाऊन बघतो."
लाल खडू सुतळीनं खिळ्याला बांधला होता.

परतताना रिक्षात भाड्याचं गणित:
दर माणशी, दर महिना.
आम्ही सहा. म्हणजे पाच.
इंद्रजित सोळांकुरकर फेब्रुवारीत पुण्याला गेला,
हिंजवडीत, जिथं म्हणे
असली सॉफ्टवेअरं निवडायला वेगळी माणसं असतात.
त्याचं डोकं वजा केलं
आणि रक्कम बरोबर बसली.

तिसरं घेतलं.
चौथा रकाना मीच घातला: तटलंय.
पहिल्या दिवशी रिकामा. दुसऱ्याही.
तिसऱ्या दुपारी, तोंडानं एक शब्द न काढता, एक कार्ड:
"परताव्याच्या मालावरचा कर. मुळातच कळलेलं नाही.
दोन आठवडे झाले."
महावीरचं.
तबस्सुम चाकाची खुर्ची ढकलत त्याच्याकडं गेली.
मी मुद्दाम स्क्रीनकडंच बघत राहिलो.

भिंत आता कोरी करायची आहे. कोणी करत नाही.
दहाला सवयीनं कुणीतरी पंखा बंद करतं,
मग आठवतं, मग हसत परत लावतं.
आज उरलेली पोपटी चिठ्ठी सुटून
टेबलाखाली गेली. वाकून काढली.
इंद्रजितचं तिरकं अक्षर:
"लॉगिनचं उद्या नक्की."

चारपैकी कुठल्या रकान्यात हिला घालायचं
ते मला ठरवता येत नाही.
डिंक गेलाय. तळव्यानं दाबून बसवतो.
परत सुटते.
पंखा तीनवर आहे.